दोन टेकड्यांमधली कमान

आल्फामा, लिस्बन
२८ मे

चि. सौ. सेलेस्त हिस,
आशीर्वाद आहेत, पण रागाने.

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी गल्लीसमोर सांगून बसलोय, म्हणून लिहितो. लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे. पत्र मासेवाली अल्झिरा आणेल. तिला वाचू नको म्हटलंय, म्हणजे ती वाचणारच.

लग्न केलंस, केलंस. पण संत अंतोनियोच्या मिरवणुकीत, जिथे वस्त्यावस्त्यांची चढाओढ असते, तिथे तू बीकावाल्यांच्या पुढे नाचणार, हे मला न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस असताना कळावं? त्या मोठ्या भूकंपात लिस्बन आडवं झालं, आपलं आल्फामा उभं राहिलं. आणि तुझं बीका? डोंगर घसरून झालेला खळगा! तुझ्या त्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगू नकोस.

आई बरी आहे. तब्येतीला जप.
तुझा (अजून तरी) बाप,
बेर्नार्दिनो

बीका
३ जून

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

अल्झिरामावशीने पत्र जिन्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. अख्खा खळगा हसला.

पण आता हसू येत नाही हो. तुमच्या जावयाने, अनिबालने, मंडळाच्या खोलीत मिरवणुकीत उचलून नाचवायच्या कमानी केल्या. कागदी कंदील, होड्या, काय देखण्या! काल पहिली बाहेर काढली तर गल्लीच्या वळणावर अडकली. मापच घेतलं नव्हतं! लोक पाव आणायला तिच्याखालून वाकून जातायत. एका आजीने तर तिच्यावर धुणं वाळत घातलं. कमानीशिवाय निघालो तर नाक कापलं जाईल. अनिबाल जेवत नाही.

बाबा, आल्फामात मांजरालासुद्धा तिरकं चालावं लागतं. तिथून तुमच्या कमानी वर्षानुवर्षं कशा निघतात? फितुरी वाटत असेल तर सांगू नका. पण मिरवणुकीला या. तुम्ही नसाल तर माझे पाय उचलायचे नाहीत.

आईला गोड पापा. राग ओसरू द्या.
तुमचीच,
सेलेस्त

आल्फामा
५ जून

चि. सेलेस्त,
आशीर्वाद.

कमानीची गोष्ट परक्या वस्तीला सांगितली तर मला इथे कुणी पाणी विचारणार नाही. तेव्हा सांगणार नाही. विषय संपला.

दुसरंच लिहितो. आपलं स्वयंपाकघरातलं घडीचं टेबल आठवतं? मधोमध बिजागऱ्या, उघडलं की खालून खिट्टी. घडी घालून ते कुठूनही जातं. थोड्या पितळी बिजागऱ्या घरात पडून होत्या, तुझ्या कपाटाला होतील म्हणून पाठवतोय. अल्झिराच्या टोपलीत सार्डिन माशांखाली बघ. आणि रंग ओला असताना घडी घालायची नसते. कपाटाची म्हणतोय मी.

मिरवणुकीला येईन, पण आल्फामासाठी.
माया आहे, बोलून दाखवणार नाही.
बाबा

बीका
१३ जून

ती. बाबा,
सा. न.

निघाल्या! सगळ्या कमानी घडी घालून वळणावरून निघाल्या! अनिबाल रडला, मग तीन माणसांचं जेवला.

तुम्ही दिसलात मला. आल्फामाचा रुमाल गळ्यात, आणि टाळी वाजू नये म्हणून हात खिशात कोंबलेले. आई म्हणते, खिसा फाटलाय.

तुमचं आल्फामा हरलं, आमचं बीकाही हरलं. तरी मी खूश आहे.
असेच येत राहा.
सेलेस्त

आल्फामा
१४ जून

चि. सेलेस्त आणि जावईबापू,
दोघांना आशीर्वाद.

खूश कसली होतेस? परीक्षकांचे डोळे काय गहाण पडलेत? आम्ही हरलो, एक वेळ समजू. पण तुमच्या कमानी! वाऱ्यात एक हलली नाही. आणि पहिल्या नंबरवाल्यांच्या? दारुड्यासारख्या झुलत होत्या! मी दोन पानं शिव्या लिहिल्या, आईने फाडल्या.

हे काही लिहून भागायचं नाही. रविवारी दोघं जेवायला या. सार्डिन मी भाजतो. आईसकट चौघं बसून मोठ्याने बोलू, गल्लीला ऐकू जाऊ दे.

बाबा