टाच आधी

८ जानेवारी

पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं! आणि पोटऱ्या अशा धरल्यात की शाळेचा जिना कठडा पकडून, आडवी पावलं टाकत उतरले. मागे सातवीच्या मुली. खिदळत होत्या. बावीस वर्षं पी.टी. शिकवतेय मी, यांना मैदानाला दहा-दहा चकरा मारायला लावते, आणि बूट काढून पाच मिनिटं पळाले तर ही गत.

फिजिओवाली म्हणाली होती, "बाई, बुटात तुमची टाच आपटते ते तुम्हाला कळतच नाही. अनवाणी पळून बघा, लगेच कळेल." कळलं. चांगलंच कळलं. पोरगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल-नसेल, आणि मला पळायला शिकवतेय!

हे म्हणाले, "गुडघा दुखतो म्हणून गेली होतीस ना? आता गुडघा सोडून सगळंच दुखतंय."

९ जानेवारी

लिहूनच टाकते. गुडघ्यासाठी नाहीच हे. लेकीसाठी आहे.

पंधराशे मीटर पळायची. सतराव्या वर्षी नडगीच्या हाडाला तडा गेला. पडली नाही, धडपडली नाही, नुसती पळून पळून. सहा महिने घरी. मग गेल्या जूनमध्ये हॉस्टेलवरून फोन — "आई, पुन्हा तडा गेलाय. त्याच पायाला." तेव्हापासून बंदच. वीस वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. सप्टेंबरमध्ये निवड चाचणी. ती हुकली की संपलं.

मार्चमध्ये सुट्टीला येईल. तोवर मी माझ्या पायांवर करून बघणार. जमलं तर तिला शिकवणार. पावलं बदलली तर हाडावरचा मार कमी होईल असं फिजिओवालीचं म्हणणं. माझे पाय गेले तर गेले. पी.टी. खुर्चीत बसूनही घेता येते, कितीतरी जण घेतात!

यांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं की लगेच तिला फोन जाईल.

१५ जानेवारी

"पाऊल वाजलं की चुकलं." हा फिजिओवालीचा नियम. माझं वाजतं. थप थप थप. कितीही जपून टाका — थप.

मैदान झाडणारे मामा झाडू टेकवून बघत उभे. "बाई, बूट चोरीला गेले का? बघू का कुठे?"

१९ जानेवारी

एक खडा. एवढासा. आज बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

२४ जानेवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. चहा मागवला, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं. "मुलींना बूट सक्तीचे, आणि तुम्ही अशा... पालक विचारतात हो."

"मी शाळा भरायच्या आधी पळते, बाई."

"पण खिडकीतून दिसतं ना!"

कुणाच्या खिडकीतून, ते मी विचारलं नाही. समोरच्या इमारतीत त्यांचंच घर आहे. उद्यापासून सहाला जायचं ठरवलंय. आणखी तासभर झोप गेली.

३१ जानेवारी

हे लिहायचीही लाज वाटते, पण लिहिते.

पुढच्या आठवड्यात शाळेचे सामने. काल संध्याकाळी मामांनी मैदान आखून ठेवलं. सकाळी बघते तर पांढऱ्याशुभ्र रेषा, मऊ, एक खडा नाही. रेषेवरून पळालं की पावलं सरळ पडतात, हे मीच मुलींना सांगत आले. पळाले! गवतावर दव, तळवे ओले, वीस मिनिटं रेषेवरून. आवाज नाही! पहिल्यांदाच! मी इतकी खूश झाले की आणखी दोन चकरा मारल्या.

घरी येईपर्यंत तळवे चुरचुरायला लागले. नऊ वाजता साल निघाली. शाळेत फोन केला तर मामा म्हणतात, "आखायची फक्की संपली होती बाई, म्हणून चुना टाकला. मी नाही का हातमोजे घातले होते?"

बावीस वर्षं मैदान आखून घेतेय. दर वर्षी मुलींना ओरडते, चुन्याला हात लावायचा नाही म्हणून. हात लावायचा नाही! पायाचं कुणी बोललंच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती आज अगदी खरोखरची गेली.

दोन्ही पाय पाण्याच्या टबात घालून बसले होते. हे दारात उभे. "जगात लोक दुसऱ्याला चुना लावतात. तू स्वतःच लावून घेतलास." मग हसले. मला रडू येत होतं. मग डॉक्टरकडे नेऊन आणलं, मलमही यांनीच लावलं, पण हसणं काही थांबलं नाही.

६ फेब्रुवारी

सामने पार पडले. मी खुर्चीत, मोज्यांवर चपला. मोठ्या बाई म्हणाल्या, "बघा, चपला कशा शोभून दिसतात."

१३ फेब्रुवारी

पुन्हा सुरुवात. पुन्हा पाच मिनिटांपासून. थप थप.

१८ फेब्रुवारी

फिजिओवालीला व्हिडिओ पाठवायचा होता. यांना मोबाइल देऊन मैदानाच्या कडेला उभं केलं. तीन वेळा पळाले. घरी येऊन बघते तर तिन्ही वेळा माझं डोकं! "पायांचा काढायचा होता होय? मला वाटलं, तुझा." पुन्हा गेलो. चौथ्यांदा पाय आले.

हळू करून बघितलं. टाच आपटतेय. अजून! सहा आठवडे झाले, सालं निघाली, आणि टाच जिथल्या तिथे.

फिजिओवालीचा संध्याकाळी फोन — "बाई, ढांग केवढी टाकताय! पाय अंगाच्या पुढे जाऊन पडतो. तुम्हाला असं कुणी शिकवलं?"

कुणी शिकवलं!

१९ फेब्रुवारी

मीच. दुसरं कोण!

"टाच आधी, ढांग मोठी!" हे माझं. अख्ख्या शाळेला पाठ आहे. प्रशिक्षणात आम्हाला संचलन शिकवलं होतं तेव्हा हे डोक्यात बसलं — कवायतीत ठीक होतं. मी ते उचललं आणि पळण्याला लावलं. का? चांगलं दिसायचं म्हणून. रांगेतल्या चाळीस मुली एकदम मोठी ढांग टाकत येतात, पालक टाळ्या वाजवतात. कुणी म्हणालं नाही, बाई, हे चुकतंय. मी तरी कधी कुणाला विचारलं?

आणि लेक. सात वर्षांची होती. मी पुढे, ती मागे, दोन वेण्या उडतायत, आणि ओरडतेय — "टाच आधी, ढांग मोठी!" दहा वर्षं तशी पळाली. दहा वर्षं एकाच हाडावर मार.

तिचं हाड मी मोडलं.

२० फेब्रुवारी

आठवीच्या तासाला तोंडातून निघालंच — "टाच आ—" आणि मी मध्येच थांबले. मुली एक पाय उचलून तशाच उभ्या. म्हटलं, बसा. तास संपेपर्यंत बसा.

१ मार्च

तिला फोन केला. सगळं सांगणार होते, माफी मागणार होते. "पाय कसा आहे?" म्हटलं. म्हणाली, "आहे तसाच." म्हटलं, जेवलीस का? दुपारचे चार वाजले होते.

९ मार्च

पंचवीस मिनिटं. छोटी छोटी पावलं, पाय अंगाखाली. आवाज नाही. चुनाही नाही, खात्री करून घेतली! मामा पाठमोरे झाडत होते, मी मागून आले ते त्यांना कळलंच नाही, आणि ते एकदम वळले. दोघंही दचकलो.

जमलं. शिकवता येईल.

१६ मार्च

लेक आली. रंग चांगला दिसतोय. लंगडत नाही. उद्या सकाळी मैदानावर नेते.

१७ मार्च

काय करू या मुलीचं!

सहाला उठवलं. कुरकुरत आली. बाकावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं — टाच, ढांग, माझी चूक, तिचं हाड. माफी मागितली. आईने लेकीची माफी मागायची म्हणजे सोपं नसतं. ती खाली बघत होती. मग माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तळवा बघितला. "आई, हे काय करून घेतलंस गं?"

म्हटलं, ते राहू दे, बूट काढ. नको म्हणाली. पाच मिनिटंच, म्हटलं. नको. सप्टेंबरपर्यंत सहा महिने आहेत, आपण हळूहळू वाढवू, मी सगळं आखून ठेवलंय. "आई, नको ना!" मग माझा पारा चढला. दोन महिने तळवे सोलून घेतले ते कुणासाठी? मोठ्या बाईंची बोलणी कुणासाठी खाल्ली? मामा ऐकत होते, तरी ओरडले. ती उठून चालायला लागली. भरभर. पायाला काहीही झालं नसल्यासारखी.

दिवसभर दार लावून बसली. हे एकदा तिच्या खोलीत, एकदा माझ्याकडे. आता दोघं आत काहीतरी बोलतायत. माझा पत्ता कट.

१८ मार्च

ती पळते. गेल्या जूनपासून, रोज, आठ किलोमीटर. दोन मैत्रिणींबरोबर, जाडजूड बूट घालून. काही दुखत नाही. दुसऱ्यांदा तडा गेलाच नव्हता.

"सांगितलं असतं तर तू घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली असतीस, आई." रडत होती.

आणि माझ्या तोंडून काय निघालं? — "आठ किलोमीटर? किती मिनिटांत?"