नवऱ्याचं नाव सांगण्याचा नियम

डिलाईल रोड,
मंगळवार

तीर्थस्वरूप शेवंतीआत्यास,

शकूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा दमा कसा आहे? इकडे वाळत घातलेल्या लुगड्यांवरही गिरणीची काजळी बसते. तुझा भाऊ, म्हणजे आमचे अप्पा, पूर्वीसारखेच रागावतात, तेव्हा प्रकृती उत्तम आहे.

पतपेढीतली नोकरी कशी चालली आहे, असं तू विचारलंस. आमच्या सभासद बहुतेक खाणावळवाल्या बाया. सावकाराच्या तावडीतून सुटायचं म्हणून पोटाला चिमटा काढून पैसे ठेवतात. मागच्या महिन्यात कुणीतरी दुसरीचं पासबुक आणून, अंगठा उठवून पैसे नेले. (मला सगळे अंगठे सारखेच दिसतात. बी. ए.ला हा विषय नव्हता.) म्हणून मी चिटणीस कमलाकांतांना नियम सुचवला: पैसे काढणारीने नवऱ्याचं नाव सांगायचं.

आत्या, मोर्चात पोलिसांच्या तोंडावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून ओरडणाऱ्या बाया माझ्या खिडकीशी येऊन मुक्या झाल्या! एकीने उखाणा धरला. त्यात महादेव, पार्वती, चांदीचं ताट सगळे येऊन गेले, नवरा काही येईना. दुसरीने शेजारणीला पुढे ढकललं, "तू सांग गो, माझ्या तोंडून नको." रांग रस्त्यावर गेली. मी स्त्रीस्वातंत्र्यावर दोन शब्द सांगू लागले, तर रांगेतली राधाबाई म्हणाली, "बाय, आधी तुझं लगीन होऊं दे, मग बोल."

इतक्यात एक बाई सुंदराबाईंचं पासबुक घेऊन आली. (सुंदराबाई चिंचपोकळीच्या, रांगेत कुणी त्यांना ओळखत नव्हतं, मीही नाही.) सगळी शिल्लक मागितली आणि खणखणीत म्हणाली, "दगडू रामजी!" मला केवढा आनंद झाला! नोटा हातात धरून मी विचारलं, "पहिल्यांदा नाव घेतलंत तेव्हा घरी काय झालं? या सगळ्यांना सांगा ना." ती म्हणाली, सासू चिडली. मग म्हणाली, सासू लग्नाआधीच वारली. मी खरोखर कुतूहलाने विचारलं, "मग चिडलं कोण?" तशी ती पासबुक टाकून पळाली. राधाबाईने दारातच तिचा पदर धरला.

दुपारी खऱ्या सुंदराबाई धापा टाकत आल्या. बाजारात पिशवीतून पासबुक गेलं होतं. त्याच पैशांनी त्या सावकाराचं शेवटचं देणं फेडणार होत्या. पासबुक उराशी धरून आमच्या पायरीवर कितीतरी वेळ रडल्या.

सगळे माझ्या हुशारीचं कौतुक करताहेत. मीही ते करून घेते आहे. (खरं म्हणजे मला त्या बाईचं आमच्या हळदीकुंकवात भाषण ठेवायचं होतं. आणि नवऱ्याचं नाव पासबुकाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, हे अजून कुणी बोललेलं नाही.) कमलाकांतांनी नियमाला पुरवणी जोडली आहे: जी चटकन नाव सांगेल तिची कसून चौकशी करावी.

तुझी,
शकू

ता. क. – माझा पगार अजून अप्पांच्या ट्रंकेत जातो आणि ट्रामच्या भाड्याला मी हात पसरते. स्वतःचं खातं मागितलं तर म्हणतात, "लग्नाआधी मुलीला कशाला, आणि लग्नानंतर तर नकोच." तुझा शब्द ते मोडत नाहीत. रविवारी येऊन जा.

ता. क. दुसरा – परवानगी मागू नकोस, बातमी सांग. खातं मी कालच उघडलं. पहिले पाच रुपये आईने दिले. कुठून आणले, ते मात्र मी विचारलं नाही.