पाण्यात विचारलेलं आडनाव

बाबा, माझ्या गरम पाण्याच्या वेडाला तुम्ही हसायचात, पण ते लागलं कसं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कंपनीने जपानला पाठवलं होतं, तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी मला डोंगरातल्या गरम झऱ्यावर नेलं. कपडे काढून ठेवायचे, बुटक्या स्टुलावर बसून अंग घासायचं आणि मगच सगळ्यांच्या पाण्यात उतरायचं. लाजेने माझ्या हातून टॉवेल सुटत नव्हता. मग गळ्यापर्यंत पाण्यात बसले. शेजारी एक म्हातारी डोळे मिटून बसलेली. मी कोण, कुठली, कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मला तेच पाणी हवं असतं.

इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला, जॉन्सनव्हिलला राहायला आले तरी ते सुटलं नाही. जपानी पद्धतीचं स्नानगृह आहे ते फेरीबोटीने समुद्र ओलांडून, पुढे डोंगरात कितीतरी तास गाडी हाकल्यावर. तरी जाते. आल्यावर पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा घरात चैन पडत नाही. "अगेन? दॅट्स हीप्स फार, आई," खूपच लांब पडतं म्हणून लेक कुरकुरते.

तुम्ही आलात तेव्हा तुम्हालाही हौसेने तिथेच नेलं. बाहेर उघड्यावरच्या कुंडात बायका-पुरुष सगळेच टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून बसतात. तुम्ही मात्र इस्त्रीच्या पँटमध्ये बाकावर बसून राहिलात.

"तू जा. मी आहे इथे."

"बाबा, इतक्या लांब आलोय. गुडघ्यांना बरं वाटेल तुमच्या." मी चिडूनच बोलले.

"तुझ्या आजीचेही गुडघेच दुखायचे," तुम्ही म्हणालात, आणि मग कधी न बोललेलं बोललात. पोस्टात नुकतीच नोकरी लागलेली. आजीला घेऊन तुम्ही एसटीने कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडावर जाता. पायऱ्यांवर एकजण अगदी नम्रपणे आडनाव विचारतो. तुम्ही सांगता. आडनावावरून जात कळते आणि तो खाली बोट दाखवतो, कुंडातून वाहून गेलेलं पाणी जिथे ओहोळाला मिळतं तिकडे. आजी तिथे पाय सोडून बसते आणि म्हणते, "गरम आहे रे." तुम्ही हात घालून बघता. पाणी गार असतं.

हे ऐकून मी तुमच्याजवळ बसायला हवं होतं. पण मी सरळ पाण्यात गेले आणि अर्धा तास तुमच्याकडे पाठ करून बसले. तुम्ही परत गेलात आणि वर्षाच्या आत तुम्ही नव्हतात. त्यालाही आता बारा वर्षं झाली.

गेल्या शनिवारी तिथेच बायकांच्या स्नानगृहात एक पुण्याची बाई भेटली. आमच्या जवळच, पोरिरुआत राहते. कपडे बदलताना मी लेकीशी फोनवर मराठीत बोलत होते, ते तिने ऐकलेलं. पाण्यात बसून आम्ही भरपूर बोललो, मुलांच्या मराठीबद्दल, इथल्या वाऱ्याबद्दल, इथे चांगला गूळ कुठे मिळतो त्याबद्दल. मग तिने विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

तिच्या मनात काही असेल असं नाही. लोक विचारतात. पण माझ्या तोंडून पाचवीच्या आमच्या वर्गशिक्षिकेचं आडनाव निघून गेलं. "अय्या, मग तुम्ही आमच्यातल्याच," ती म्हणाली. त्यानंतर मला पाण्यात बसवेना. परतताना फेरीवर मी आत बसलेच नाही, सगळा वेळ डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

काल तिचा मेसेज आला. ते आडनाव लावून तिने मला दिवाळीच्या फराळाला बोलावलंय. तिला खरं कळवायचं म्हणून बसले होते. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं, आणि मग हे तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. पण खरं सांगू, बाबा? मला ती बाई आवडली. मला जायचंय तिच्याकडे.