ट्यांव

२४ नोव्हें., सोम.
चौथी, परिसर अभ्यास. मोठ्या बाईंच्या हुकमाने ॲपवरचा 'आपले शहर' हा धडा लावला. कार्टूनमधली कोळीण हसते, टोपली उचलते, नाहीशी होते. मागून गोड आवाज: मुंबईतले कोळीवाडे आता राहिले नाहीत, त्या जागी इमारती आल्या. वेदिका (दुसरा बाक, घर कोळीवाड्यात, वडिलांची बोट) उठून म्हणाली, "बाई, मग आम्ही कुठं गेलो?"
वर्ग हसला. मीही हसले. माझंच थोबाड फोडावंसं वाटलं नंतर.

२६ नोव्हें., बुध.
धड्याची ऑनलाइन चाचणी. टॅब सहाच, त्यामुळे पाळीपाळीने. चूक की बरोबर: 'मुंबईत आता कोळीवाडे नाहीत.' वेदिकाने 'चूक' दाबलं. लाल फुली, वर ट्यांव असा आवाज. पोरीचा चेहरा एवढासा झाला.
मी मोठ्याने सांगून टाकलं, "वेदिकाचं बरोबर आहे. ॲप चुकलंय." मग काय, उरलेल्या सगळ्यांनी 'चूक'च दाबलं. अख्खा तास ट्यांव ट्यांव. झकास.

२७ नोव्हें., गुरु.
वाट लागली. आमच्या वर्गाची टक्केवारी घसरलेली संस्थेला दिसली. मोठ्या बाईंनी (मो.बा.) बोलावलं.
"सावंत, चाचणीत उत्तर सांगितलंत?"
"हो. खरं उत्तर सांगितलं."
"कंपनीला कळवलंय. पुढच्या वर्षी बदलतील. पाच तारखेला फेरचाचणी, मुलांकडून नीट करून घ्या. नाहीतर चौथी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."
पहिलीपासून वर्षागणिक मीच या पोरांना वर आणलंय. यांचे पडलेले दात मी कागदात गुंडाळून घरी पाठवलेत. परीक्षेला चार महिने असताना दुसऱ्या कुणाला?
ऑनलाइनशी माझं भांडण नाही. गेल्याच महिन्यात याच टॅबवर जोगेश्वरीच्या गुंफांचे जुने फोटो दाखवले, पोरं हरखली होती. पण खोटं शिकवणार नाही.

२९ नोव्हें., शनि.
ठरवलं, आपणच व्हिडिओ करायचा. वेदिकाच्या आईला विचारून, सकाळी सातला मोबाइल घेऊन बंदरावर. पाहते तर नुसता चिखल. बोटी आडव्या पडलेल्या, माणूस नाही. वेदिकाची आई, सुरेखाताई, कमरेवर हात ठेवून हसल्या. "बाई, ओटी हाय. पानी बघून येवाचं ना! दर्याला शालेचा टायमटेबल लागत नाय."
मी मालवणची, रोज ताटात मासा. पण भरती-ओहोटी बघायचं डोक्यात आलं नाही. ॲपवाल्यांना शिव्या देणारी मी ही अशी. चप्पल चिखलातच राहिली एक.

३० नोव्हें., रवि.
सुरेखाताईंनी सांगितल्याप्रमाणे दुपारी गेले. पाणी भरलेलं, बोट आली. काठ्यांवर बोंबील वाळत होते. प्रश्न वेदिकाने विचारले, मी फक्त फोन धरला. एका कोपऱ्यात माझं बोट आलंय, असू दे. शेवटी सुरेखाताई थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "आमी हितंच हाव." चार मिनिटांचा झाला.

२ डिसें., मंगळ.
वर्गात दाखवला. पोरांनी तीनदा लावायला लावला. शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकला. मुलुंडच्या एका बाईंचा लगेच मेसेज, "आमच्याकडेही हेच ॲप, वापरू का?" वापरा की! मग मो.बा. ग्रुपवर: "पूर्वपरवानगीशिवाय साहित्य टाकू नये." खाली आमच्याच शाळेतल्यांचे अंगठे. काल स्टाफरूममध्ये हाच व्हिडिओ बघून यातलेच माझी पाठ थोपटत होते.
डिलीट केला नाही.

४ डिसें., गुरु.
मो.बा. जिन्यात भेटल्या, आज आवाज मऊ. "अहो, एक बटण तर दाबायचंय. कशाला हट्ट?" त्यांच्यावरही वरून दाब असणार. असेना.
सुटताना वेदिका थांबली. "बाई, उद्या मी 'बरोबर' दाबू? मग तुम्ही आमच्याकडेच राहाल ना?"
म्हटलं, "खरं असेल तेच दाब गं."
"मग तुम्ही?"
तिला फाटकापर्यंत सोडून आले. भीती वाटतेय, इथे लिहायला काय हरकत आहे. पण चौथी सोडायची भीती आहे म्हणून त्या पोरीला 'तू नाहीस' असं दाबायला लावू? जमणार नाही.

५ डिसें., शुक्र.
फेरचाचणी. मो.बा. स्वतः वर्गात बसल्या, मला बाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धं उघडं. आज टॅब एकच, मो.बां.समोर; हजेरीच्या क्रमाने एकेक मूल त्यापाशी जात होतं. वेदिकाचा नंबर सतरावा, म्हणून सुरुवातीला मी निवांत होते.
एक नंबर सोहम. बाप साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये, पोराने बंदर पाहिलं ते फक्त माझ्या व्हिडिओत.
ट्यांव.
मग दोन नंबर. ट्यांव. तिसरी जरा थांबली, मो.बां.कडे बघितलं असणार. ट्यांव.
मी तोंडावर पदर धरला, हसू की रडू ते कळेना.
मो.बा. दारात आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. "चौथीचं काय ते सोमवारी," एवढंच म्हणाल्या आणि परत आत जाऊन बसल्या.
आत चौथा नंबर उठला होता. वेदिकाची पाळी अजून लांब होती.