तंबूतल्या दोन खुर्च्या

४ फेब्रुवारी १९५७, जळकोट
शाळेमागं सिनेमाचा तंबू लागला. पिक्चर दंगलीवरचा. त्यात हीरो परधर्माच्या शेजाऱ्याला घरात लपवतो म्हणे. म्हणजे माझीच स्टोरी! अठ्ठेचाळीस साली निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत शेजारच्या रसूल टेलरचं घर लुटलं, तेव्हा त्याच्या वडिलांची शिसवी खुर्ची मीच घरात आणून लपवली. साडेआठ वर्षं सांभाळतोय. रसूललाही लपवलं असतं, पण त्या दिवशी मला ताप होता. कडी काढायला उठवेना.

तेव्हा सोलापूरला पळालेला रसूल परत आल्यापासून माझ्याशी बोलत नाही. उपकारानं लाजतो बिचारा. लहानपणी एका ताटात जेवलोय आम्ही. ठराव: त्याला शेजारी बसवून पिक्चर दाखवायचा. मग बोलेलच.

५ फेब्रुवारी
आमंत्रण दिलं. रसूल मशीन चालवत राहिला. मी पाऊण तास युनिटीवर बोललो. शेवटी त्याची आई अजीजाबी आतून म्हणाली, जा बाबा एकदाचा, त्याबिगर गुरुजी उठायचे न्हाईत. घरच्यांचाही पाठिंबा!

६ फेब्रुवारी, दुपार
तंबूत सगळे भुईवर. खुर्चीत बसायचं तर घरून न्यावी लागते. माझी एक आहे. बायकोला म्हटलं, माडीवरची शिसवी काढ. तुळजाबाई म्हणाली, अहो, त्यांचीच खुर्ची त्यांनाच? मी म्हटलं, चीफ गेस्टला खुर्ची नको? ती कपाळाला हात लावून आत गेली. बायकांना प्रोग्रामची दृष्टी नसते.
स्वतः तेल लावून पुसली. खुर्चीच्या हाताखाली खिळ्यानं उर्दूत काहीतरी कोरलंय. मला उर्दू येतं. वाचलं नाही.

७ फेब्रुवारी, सकाळी ६
काल रसूल आला. खुर्ची बघून उभाच राहिला. मी म्हटलं, बस की, आपलीच आहे. बसला, आणि ते कोरलेलं चाचपत राहिला.
पिक्चर झकास. हीरोनं शेजाऱ्याला आत घेतलं तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग दुसरा एक माणूस आपल्या शेजाऱ्याला बघून दार लावून घेतो, अन् दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याचं घड्याळ उचलून नेतो. मी मोठ्यानं म्हणालो, काय नालायक लोक असतात! पुढचा माणिकप्पा किराणावाला मागं वळला. मग आणखी चार-पाच जण. पडदा सोडून सगळे माझ्या खुर्च्यांकडंच बघायला लागले.
इंटरव्हलला रसूलला विचारलं, हीरो ओळखलास का? तो साडेआठ वर्षांनी बोलला. म्हणाला, गुरुजी, त्या दिवशी तुमचं दार म्या लई येळ वाजवलं. आत तुम्ही वैनीला गप बस म्हणत होता, त्ये ऐकू आलं.
उठून गेला. पूर्वी मला नावानं, महारुद्रा म्हणायचा.
ताप होता मला. बहुतेक होता.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
ठराव: खुर्ची परत. डोक्यावर घेऊन भर पेठेतून गेलो. कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.
रसूलचं दार वाजवलं. मशीन थांबली. आत अजीजाबी काही बोलायला लागली, रसूलनं तिला गप केलं. मग आतून कडी पडली. तरी मी लई वेळ वाजवत राहिलो. शेवटी हात दुखायला लागला.
खुर्ची घेऊन घरी आलो. तुळजाबाईला म्हटलं, रसूलनं दार उघडलं नाही.
भाकरी थापता थापता ती म्हणाली, ताप आला असंल त्यांना.