गॅलरीतला घट्ट नळ

३ एप्रिल २०१६, रविवार

आज गोळीचा वार. आठवड्याला एकच, पण सगळ्या घराचा रविवार कडू! नंदूला लहान मुलांचा संधिवात आहे हे कळून वर्ष झालं, तरी खालच्या वच्छलाबाई भेटल्या की तेच — "संधिवात? एवढ्याशा लेकराला? अगं, तो आमच्या गुडघ्यांचा रोग!" जसं काही पाच वर्षांच्या पोरीनं त्यांच्या हक्काचं काही पळवलंय.

काल उस्मानपुऱ्यात थेरपीच्या मॅडमकडे जाऊन आलो. मनगटांची सूज उतरलीय, म्हणाल्या. औषधानं त्याचं काम केलं, आता घरच्यांनी करायचं. "बटण, डबा, नळ, कपड्यांचा चिमटा — सगळं तिचं तिला करू द्या. सकाळी हात आखडलेले असतात, तेव्हा आधी गरम पाण्यात शेकायचे आणि मग कामाला लावायचे." मग सासूबाईंकडे बघून — "आजी, तुम्ही मदत जरा कमी करा बरं."

सासूबाई गोड हसल्या. खाली उतरून रिक्षात बसलो तर नंदूच्या सँडलचा पट्टा लावायला वाकलेल्या! मी नुसतं बघितलं. म्हणाल्या, "आता हे घरात कुठंय? हे तर रिक्षात."

५ एप्रिल

शाळेत जाऊन आले. मोठ्या बाई चांगल्या वाटल्या. १३ जूनला घेऊन या म्हणाल्या. डबा उघडणं, हात धुणं, एवढं तिचं तिला जमलं की झालं. "नाहीतर एक वर्ष घरी राहू द्या, घाई काय आहे?"

घाई काय! अजून एक वर्ष घरी राहिली तर सासूबाई तिच्या वाटचा श्वाससुद्धा घेतील. नंदू या जूनला शाळेत गेलीच पाहिजे. मला दुसरं काही नको.

नाव लिहिता येतं का, तेही विचारलं. राजनंदिनी! सासूबाईंनी हौसेनं ठेवलेलं. बोटं दुखणाऱ्या पोरीला केवढं हे नाव. उमा ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं!

९ एप्रिल

टँकर आला. गच्चीवरची आमची टाकी भरली, आता आठवडाभर हीच. शहराच्या टोकाच्या या सातारा परिसरात रोज नवी इमारत उभी राहतेय, पाण्याची लाइन मात्र अजून यायचीच आहे.

टाकी भरली की सासूबाईंचं राज्य सुरू. भांडी दोनच पाण्यात. फरशी एक दिवसाआड. प्रत्येक नळ बंद झाल्यावर त्या येऊन परत आवळतात. गॅलरीतल्या नळाचं तर वायसर गेलंय, त्यामुळं त्याच्यावर जास्तच राग. तो इतका आवळतात की मला फडकं गुंडाळून फिरवावा लागतो. मॅडम म्हणाल्या होत्या, दांडीचा नळ बसवा, पोरीला सोपा जाईल. सासूबाई — "दांडीचा नाय पाहिजे. कोपर लागलं की चालू. सगळी टाकी जायची."
नवरोबा सत्यम — "रविवारी बघू."
कोणत्या रविवारी, ते मी विचारत नाही आता.

आणि याच सासूबाई रोज सकाळी नातीच्या हातांसाठी टबभर पाणी गरम करतात! आम्हाला वाटीनं आणि तिला टबानं. स्वतः ओला टॉवेल फिरवून आंघोळ उरकतात. ते शेकाचं पाणी मग फरशीला, उरलं तर कढीपत्त्याला.

१३ एप्रिल

लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टीव्हीवर बघून सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला आता विमानानंच येतंय बघ." नंदू संध्याकाळपर्यंत गॅलरीत विमानाची वाट बघत बसली.

१७ एप्रिल

सत्यमनं शहागंजातून रंगीत चिमटे आणले. कूलरच्या मागं, नंदूच्या उंचीला एक दोरी पण बांधली. केवढा मोठा इंजिनिअर, दोन खिळ्यांना अख्खी सकाळ!

नंदूनं एक चिमटा दाबून बघितला. "दुखतंय." संपला व्यायाम.

२१ एप्रिल

दोरी रिकामी.

२६ एप्रिल

नंदूची नवी मागणी — पिंकीबाईंना आंघोळ घालायची. पिंकीबाई म्हणजे तिची बाहुली. फ्रॉकचा मूळ रंग आता कुणालाच आठवत नाही. सासूबाईंनी निकाल दिला, "दुष्काळात बाहुल्यांना आंघोळ नाय. माणसांनाच नाय मिळत."

नंदू माझ्याकडे आली. मी म्हटलं आजीला विचार. सत्यमकडे गेली. तो म्हणाला आईला विचार. पिंकीबाई तशाच झोपल्या. मळकट.

४ मे

कणीक मळणं चांगला व्यायाम, असं मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून आज तिला गोळा दिला. दाबला, ठोकला, नाकाला लावला, थोडा पिंकीबाईंनाही भरवला. मग एक पोळी लाटली. सत्यमच्या ताटात वाढली, तर तो म्हणतो, "हा बिडकीनचा नकाशा आहे. दिवसभर तिथल्या रस्त्यांची मोजणी करायची आणि घरी येऊन तेच खायचं!" पण खाल्ली सगळी. कच्ची होती. नंदू समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत होती.

१२ मे

वाईट दिवस. सकाळी पोरीला उठताच येईना. घोटा सुजलेला, बोटं वाकत नव्हती. पाण्यात हात धरून बसलो आम्ही, ती एका बाजूला, मी दुसऱ्या. एकदाही रडली नाही. मीच स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

दुखतं तेव्हा खरंच दुखतं तिला. पण कधी दुखतंय आणि कधी नाटक, ते मला ओळखता येत नाही. आई असून येत नाही! याचा राग येतो, आणि तो तिच्यावरच निघतो. परवा चिमट्यांवरून ओरडले तिला. नको होतं ओरडायला.

१९ मे

डॉक्टरांनी तपासलं, औषध थोडं वाढवलं. सूज उतरतेय. सकाळी जिना उतरताना गाणं म्हणत होती. गाण्याला चाल नाही, शब्द नाहीत. पण मला चालेल.

२५ मे

चोर सापडला! बाथरूमचं दार आतून लावून सासूबाई नंदूच्या फ्रॉकची बटणं लावत होत्या. मी दार वाजवलं तर आतून खुसखुस.

सासूबाईंना म्हटलं, "आत्या, मॅडमनी काय सांगितलंय?"
"त्या मॅडमला काय जातंय सांगायला! अर्धा घंटा एका बटणाशी झटतंय लेकरू. माझ्यानं नाय बघवत."
"मग बघू नका ना. टीव्ही बघा."
"आणि बाटलीचं झाकण आधीच सैल करून कोण ठेवतं गं? मी की तू?"

दुसरी चोर मीच! मला वाटत होतं कुणाला माहीत नाही! नंदू मधे उभी राहून आळीपाळीनं दोघींची तोंडं बघत होती. भांडणात मजा येत होती तिला.

२ जून

तेरा तारीख जवळ आली. डबा उघडते, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. बाटली — अर्ध्या वेळा. (झाकण सैल करणं मी सोडलं. शपथेवर!) बटणं वरची नाही, खालची लागतात. नळ? गॅलरीतल्या नळाला हात लावते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "मला नाय येत." बाथरूमच्या नळापर्यंत तर तिचा हात पुरतच नाही. शाळेतला नळ कसा असेल कोण जाणे. रात्रंदिवस तेच डोक्यात.

सत्यम म्हणतो, "नाही जमलं तर पुढच्या वर्षी." त्याच्या रविवारासारखंच!

६ जून

नंदू — "पाऊस आला की पिंकीबाईला आंघोळ?"
सासूबाई — "आला की."
नंदू — "आणि नाय आला तर?"
सासूबाईंनी विषय बदलला.

११ जून, शनिवार

आज घरात कोर्ट बसलं.

दुपारी कूलर लावून आम्ही तिघी झोपलो होतो. उठून चहा ठेवायला नळ उघडला तर नुसतं फुस्स! सत्यम बिडकीनहून आला तसा गच्चीवर गेला. टाकी ठणठणीत कोरडी. परवाच भरलेली! गॅलरीतला नळ उघडा सापडला. दुपारभर बारीक धार गेली, कूलरच्या घरघरीत कुणाला ऐकूच आली नाही.

सासूबाईंनी पदर खोचला. आधी भांडीवाली साळूबाई. ती म्हणाली, "मी सकाळीच भांडी घासून गेले. आणि तुमच्या धाकानं मी हात तरी धुते का इथं!" तिची सुटका झाली. मग मी. फडकं गुंडाळून उघडणारी मीच ना! मी म्हटलं, मी त्या नळाकडे दोन दिवस फिरकलेही नाही. मग सासूबाई स्वतः. म्हणजे तसं सत्यमनं सुचवलं, आणि बिचाऱ्याचा चहा तर गेलाच, वर आईचा अबोला.

शेवटी नंदूनं आपण होऊन दोन्ही हात वर केले. "माझ्याकडून तर उघडतच नाय ना!"
सासूबाईंनी तिला जवळ ओढून मुका घेतला. "तुला कोण म्हणतंय, माझ्या बाई!"

साक्षीदार संपले, निकाल राखून ठेवला. खालून वच्छलाबाईंनी दोन बादल्या दिल्या आणि वर दोन सल्ले. परवा शाळा आणि घरात पाणी नाही! मला तर काही सुचतच नाही.

१२ जून, रविवार

सकाळी सासूबाई खराटा शोधायला कूलरच्या मागं वाकल्या, त्या वर उठेनातच. मला हाक मारली. नंदूच्या दोरीवर पिंकीबाईंचा फ्रॉक. धुतलेला. गुलाबी आहे म्हणजे तो! पिळल्याच्या सुरकुत्या तशाच वाळलेल्या, आणि दोन खांद्यांना दोन चिमटे.

नंदू दारात उभी. दोन्ही हात पाठीमागं.
"उघडला मी. मग बंदच होईना."

सासूबाई मटकन खाली बसल्या, तिथंच. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही, माझंच मला कळत नव्हतं. मग डोळे पुसून त्यांनी नंदूला बोलावलं. "इकडं ये गं. बंद करायचं मी शिकवते."