एका हातोडीचे दोन आवाज

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी कविता मिळाली. बाबा १९ तारखेला पेट्यांचं दुकान कारागिरांच्या हाती देणार, म्हणजे त्या दिवशी वाटायची कवितेची कार्डं त्याआधी पोचायला हवीत. अक्षरांची जुळणी मी स्वतः केली. प्रूफ सोबत आहे.

थोडं दुरुस्त केलं आहे. ‘ठण’ सात वेळा होतं, ते तीनवर आणलं. आमच्या छापखान्यात शब्द दोनदा आला की मालक आधी माझ्याकडे बघतात. शेवटी एकदम ‘ठप ठप’ आलं होतं. हातोडी एकच, मग आवाज दोन कसे? तिथेही ‘ठण’ केलं. ‘बाबांचा राग, उन्हातली बादली’ यातली बादली काढली. चार लोकांत बाबांचं हसं नको.

तू मास्तरीण, मी सातवीत शाळा सोडलेला. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर सांभाळून घे.

तुझ्या मायेतला,
भाऊ

८ मार्च
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, माझी कविता धुऊन, इस्त्री करून परत पाठवलीस की.

‘ठण’ म्हणून बघ. कानात घुमत राहतं. सात वेळा म्हटलंस की दिवसभर पत्र्याच्या पेट्या ठोकणारे बाबा समोर उभे राहतात. ‘ठप’ म्हणताना मात्र ओठ मिटतात. लहानपणी तू दुपारी दुकानामागच्या खोलीत निजलास की बाबा ऐरणीवर गोणपाट टाकून ठोकायचे. काम थांबवणं परवडत नव्हतं आणि तुला उठवणं जिवावर यायचं. मी डोळे मिटून ऐकत पडायचे. तू गाढ झोपलेला, तुला तो आवाज ठाऊक असणार कुठून?

आणि उन्हात ठेवलेल्या बादलीत हात घाल. वर चटका, तळाशी गार. आता बाबांचा राग आठव.

होतं तसं कर. मग मोठ्याने वाच, लाल पेन खिशात ठेवून.

काळजी करत बसू नकोस.
ताई

१२ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, आधी रागच आला. मग जेवणाच्या सुट्टीत कागदाच्या रिमांमागे उभा राहून वाचलं. ‘ठप’पाशी ओठ मिटले, ते पुढच्या ओळीला उघडेनात. बाइंडरकाकांनी विचारलं, दात दुखतोय का. मी हो म्हणालो.

सगळं होतं तसं केलं आहे. ‘ठण’ सातच आहेत, चारदा मोजले. कार्डं आजच टपालात टाकतो.

मला सुट्टी नाही. बाबांना लोकांसमोर हे आवडेल ना? काही लपवू नकोस, सगळं लिही.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
भाऊ

२० मार्च
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

काल दुकान माणसांनी भरलं होतं. मी कविता वाचली. ‘ठण ठण’ला सगळे हसले. बादलीला दोघा कारागिरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. ‘ठप ठप’ला बाबा उठून आत गेले. मी वाचायची थांबले. पण ते तोंड धुऊन आले आणि पुन्हा वाच म्हणाले. मी वाचलं.

सगळे गेल्यावर एवढंच बोलले, की त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, दोन्ही पोरं झोपलेली असायची.

मग विचारत होते, तुला सुट्टी कधी मिळते.

आमची माया आहेच, तुझीही असू दे.
ताई